यूकेमध्ये जीपी सर्जरीबद्दल तक्रार: कुठलं दार आधी ठोठवायचं?

शेवग्याची शेंग (धागाकर्ती)

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इंग्लंडात 'सर्जरी' म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे, जीपीचा (जनरल प्रॅक्टिशनर, म्हणजे फॅमिली डॉक्टरचा) दवाखाना. नव्याने आलेल्याला "सर्जरीत फोन कर" म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो तो उगाच.

धागा त्या दवाखान्याबद्दल आहे. रिसेप्शनवर हिडीसफिडीस झाली, रक्ताचा रिपोर्ट कुणी बघितलाच नाही, रेफरल (तज्ज्ञाकडे पाठवण्याचं पत्र) पाठवायचं राहून गेलं, औषधाचा डोस चुकला, आजार वेळेत ओळखला गेला नाही. मराठी मंडळींच्या गप्पांत यावर दोनच सल्ले ऐकू येतात: "जाऊ दे, डॉक्टरशी वाकडं कशाला" किंवा एकदम "कोर्टात खेच". या दोन्हींच्या मधे २००९ सालचे एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) तक्रारींचे नियम आहेत. ते फुकट आहेत, त्यांना वकील लागत नाही आणि दवाखान्यावर ते बंधनकारक आहेत. मी खाली लिहितेय ते फक्त इंग्लंडचं. स्कॉटलंड, वेल्स वगैरेंचं जाणकारांनी सांगावं.

दारं दोन. एक, दवाखाना स्वतः: तिथे तक्रारींसाठी नेमलेला माणूस असावाच लागतो, बहुतेक ठिकाणी प्रॅक्टिस मॅनेजर. दुसरं, तुमच्या भागाचा इंटिग्रेटेड केअर बोर्ड, म्हणजे आयसीबी, जो त्या दवाखान्याला पैसे देऊन काम करून घेतो. १ जुलै २०२३ पर्यंत हे काम एनएचएस इंग्लंडकडे होतं, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकांत अजून तोच पत्ता दिसतो. तो सोडून द्या.

आता खरी मेख. या दोनपैकी एकच दार मिळतं. दवाखान्याने चौकशी करून उत्तर दिलं आणि ते पटलं नाही, तर तीच तक्रार घेऊन आयसीबीकडे जाता येत नाही, कारण एकदा या नियमांखाली तपासलेली तक्रार पुन्हा तपासायची नाही असं नियमच सांगतो. पुढचं दार मग थेट ओम्बुड्समनचं, म्हणजे अशा तक्रारी शेवटी स्वतंत्रपणे तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं. लोक इथेच फसतात. रागाच्या भरात दवाखान्याला ईमेल करतात, दोन ओळींचं उत्तर येतं, मग "वर" तक्रार करायला जातात तर 'वर' उरलेलंच नसतं.

माझं मत सांगते. अपॉइंटमेंट, फोन, वागणूक, हरवलेला कागद असलं काही असेल तर दवाखाना, कारण दुरुस्ती त्यांच्याच हातात आहे. ज्याच्याबद्दल तक्रार तोच डॉक्टर दवाखान्याचा एकमेव मालक असेल, किंवा उपचाराचाच प्रश्न असेल आणि तुमचा विश्वास पार उडाला असेल, तर आयसीबी. तेही उत्तर दवाखान्याकडूनच मागवतात, पण मधे तिसरा माणूस असतो आणि वैद्यकीय मुद्दा असेल तर बाहेरच्या डॉक्टरचं मत घेता येतं. वेळ मात्र जास्त जातो.

मुदत: घटनेपासून १२ महिने, किंवा तुम्हाला ती कळली तेव्हापासून १२ महिने. उशीर झाला असेल तर कारण सांगा. कारण सबळ असेल आणि चौकशी अजून नीट होऊ शकत असेल तर घेतात.

नाना फटकळ

सगळं ठीक, पण पाण्यात राहून माशाशी वैर? तक्रार गेली की दुसऱ्याच आठवड्यात "आमचं तुमचं जमत नाही" असं पत्र, आणि आपण नवीन जीपी शोधत गावभर. त्याचं काय?

शेवग्याची शेंग

नाना, भीती खरी आहे, पण नियम तुमच्या बाजूचा आहे. निव्वळ तक्रार केली म्हणून यादीतून नाव काढता येत नाही. काढायचंच तर सर्वसाधारणपणे आधीच्या १२ महिन्यांत तसा इशारा दिलेला असावा लागतो आणि कारण रास्त असावं लागतं. वय, वंश, धर्म, अपंगत्व, आजार ही कारणं चालत नाहीत. नाव निघालंच तरी ते आठव्या दिवसापासून लागू होतं, तोवर उपचार तेच देतात. ताबडतोब काढणं फक्त मारहाण, धमकी अशा प्रकरणात, आणि तेव्हा पोलिसांना कळवलेलं असावं लागतं.

यातला धडा असा की आवाज चढवायचा नाही. रिसेप्शनवर आरडाओरडा केला तर इशाऱ्याचं पत्र येतं, आणि मग तक्रार बाजूला राहून तुमचं वागणं हाच विषय होतो.

आणखी एक: तक्रारीची कागदपत्रं तुमच्या वैद्यकीय नोंदींत ठेवायची नसतात, त्यांची फाइल वेगळी. त्यामुळे उद्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरने रेकॉर्ड उघडलं तर "हा भांडखोर आहे" असं त्याला दिसायचं कारण नाही.

पोस्टकार्ड

चांगला धागा. पत्राबद्दल लिहितो, कारण तक्रारींचं अर्धं नशीब पहिल्या पत्रातच ठरतं.

सुरुवात तोंडी तक्रारीपासून. काउंटरवर किंवा फोनवर सांगितलं आणि दुसऱ्या कामाच्या दिवसाअखेर ते मिटलं, तर ती नियमांखालची तक्रार धरली जातच नाही. छोट्या गोष्टीला हे उत्तमच. पण पुष्कळदा मॅनेजर गोड बोलून "झालं बरं का, सांगते मी डॉक्टरांना" म्हणते आणि कागदावर काही राहत नाही. लेखी उत्तर हवं असेल तर तसं म्हणा: ही फॉर्मल कम्प्लेंट आहे, एनएचएसच्या प्रक्रियेप्रमाणे हाताळा. हे तोंडी सांगितलं तरी चालतं. मग ती लिहून घेऊन त्याची एक प्रत तुम्हाला देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. इंग्रजी लिहिता येत नाही म्हणून तक्रार अडत नाही, हे आपल्या आईवडिलांच्या पिढीला कुणीतरी सांगायला हवं.

कुठे पाठवू नये तेही सांगतो. दवाखान्याच्या वेबसाइटवर लक्षणं भरायचा जो फॉर्म असतो, त्यातून तक्रार पाठवू नका. तो फॉर्म तपासणीसाठी डॉक्टर-नर्सच्या रांगेत जातो आणि मजकूर थेट वैद्यकीय नोंदीत चिकटतो, म्हणजे वर ताईंनी सांगितलेली वेगळी फाइल तुम्ही स्वतःच मोडता. गूगलवर एक तारा देऊन निबंध लिहिणंही फुकट. गोपनीयतेमुळे दवाखाना तिथे काही बोलू शकत नाही आणि मुदतीचं घड्याळ सुरू होत नाही. मॅनेजरच्या नावे ईमेल करा किंवा पत्र द्या, आणि पोच मागा.

पत्र दोन पानांत बसवा. वर नाव, जन्मतारीख, पत्ता, दहा आकडी एनएचएस नंबर. मग घटना, तारखांच्या क्रमाने, एकेका तारखेला एक-दोन वाक्यं: कोण भेटलं, काय सांगितलं, काय ठरलं, काय झालं नाही. नाव माहीत नसेल तर "सकाळी ९ वाजता फोन घेणारी व्यक्ती" चालेल. विशेषणं गाळा. "बेफिकीर", "उद्धट", "मुद्दाम" असल्या शब्दांवर उत्तर देणारा फक्त दिलगिरीचा गुळगुळीत परिच्छेद लिहितो. "१४ तारखेच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी आहे. तो रिपोर्ट कोणी, कधी पाहिला आणि पुढे काय करायचं ठरवलं?" असं विचारलं की त्याला रेकॉर्ड उघडावंच लागतं.

म्हणून तिसरा भाग प्रश्नांचा, आकडे घालून. पाच-सहा पुरेत. वीस प्रश्न विचारले तर सोप्या आठांची उत्तरं येतात आणि अवघड बारांवरून हात फिरतो.

शेवटी, काय हवंय. लोक हेच लिहायला विसरतात किंवा "त्या डॉक्टरला काढा" लिहितात, जे या प्रक्रियेत कुणी करू शकत नाही. मागता येण्यासारखं: स्पष्टीकरण, माफी, नोंदीतली चूक दुरुस्त करणं, रेफरल आता तरी पाठवणं, दुसऱ्या डॉक्टरकडे तपासणी, आणि ही घटना दवाखान्याच्या बैठकीत 'सिग्निफिकंट इव्हेंट' (धडा घेण्याजोगी गंभीर घटना) म्हणून चर्चेला आली का, कधी आली, त्यानंतर पद्धतीत काय बदललं याचं उत्तर. शेवटची मागणी जरूर लिहा. त्यासाठी त्यांना खरोखर बैठक घ्यावी लागते.

माफी मागितली म्हणजे चूक कबूल केली असं कायद्याने होत नाही, २००६ च्या कॉम्पेन्सेशन ॲक्टमध्ये ते स्पष्ट आहे. "विम्यामुळे आम्ही सॉरी म्हणू शकत नाही" असं कुणी सांगितलं तर हे दाखवा.

हिरवी मिरची

पत्र गेल्यावर किती दिवस वाट बघायची? काही ठिकाणी '४० दिवस' लिहिलेलं दिसतं.

पोस्टकार्ड

पोच तीन कामाच्या दिवसांत. शनिवार, रविवार, बँक हॉलिडे त्यात मोजायचे नाहीत. पोच देतानाच "ही कशी हाताळायची आणि किती दिवसांत, हे तुमच्याशी बोलून ठरवू" असा प्रस्ताव त्यांनी द्यायचा असतो. हा फोन टाळू नका. तुम्ही बोलला नाहीत तर मुदत तेच ठरवतात आणि कळवतात. उत्तराला इंग्लंडच्या नियमांत ठराविक दिवस नाहीत. ४० वगैरे त्या त्या ठिकाणाने स्वतःसाठी ठरवलेले. सहा महिने उलटले तरी उत्तर नसेल तर का नाही ते लेखी कळवावं लागतं.

उत्तरात काय असायला हवं तेही बघून ठेवा: तक्रार कशी तपासली, निष्कर्ष काय, काय सुधारणा केली किंवा करणार, आणि ओम्बुड्समनकडे जाण्याचा हक्क. शेवटची ओळ नसेल तर ते अंतिम उत्तर आहे का, हे लेखी विचारा.

दप्तरदार

माझा विषय आला. तक्रारीआधी रेकॉर्ड मागवा. त्याआधी पत्र लिहिणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

एनएचएस ॲपमध्ये बऱ्याच जणांना नोंदी दिसतात. ३१ ऑक्टोबर २०२३ पासूनच्या नव्या नोंदी आपोआप दिसाव्यात अशी अट जीपींच्या करारात आली. पण ॲप म्हणजे पूर्ण रेकॉर्ड नव्हे. जुनं बरंच त्यात नसतं आणि अंतर्गत निरोप तर नसतातच. म्हणून 'सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट', म्हणजे स्वतःबद्दलची सगळी माहिती मागणारा अर्ज, करा. फी नाही. मुदत एक महिना. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने वाढवता येतात, पण तसं पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. कारण सांगायची गरज नाही आणि त्यांचाच फॉर्म भरायची सक्तीही नाही, साधा ईमेल पुरतो. ओळखीचा पुरावा मागू शकतात.

"माझं सगळं रेकॉर्ड द्या" असं लिहिलं तर एक सारांश छापून देतात. जीपींकडे बहुतेक ठिकाणी ईएमआयएस नाहीतर सिस्टमवन ही प्रणाली असते. त्यात डॉक्टरने लिहिलेला मजकूर एका जागी, निदानाचे कोड दुसरीकडे, स्कॅन केलेली हॉस्पिटलची पत्रं तिसरीकडे, आणि कर्मचाऱ्यांनी एकमेकांना पाठवलेले 'टास्क' चौथीकडे. त्यामुळे नावं घेऊन मागा: भेटींच्या संपूर्ण नोंदी, प्रयोगशाळेचे रिपोर्ट आणि ते कुणी कधी पाहून 'फाइल' केले ती तारीख-वेळ, आलेली-गेलेली पत्रं, रेफरलच्या नोंदी, टास्क आणि अंतर्गत संदेश, तुम्हाला पाठवलेले एसएमएस, ऑनलाइन भरलेले फॉर्म, अपॉइंटमेंटचा इतिहास (रद्द केलेल्यांसह), आणि फोनचं रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग किती दिवस ठेवतात ते दवाखान्यागणिक वेगळं, म्हणून ते पहिल्याच आठवड्यात मागा आणि "पुसू नका" असं सोबत लिहा.

रिपोर्ट हुकण्याच्या प्रकरणांत सगळा खेळ त्या 'फाइल' केल्याच्या वेळेवर असतो. प्रयोगशाळेतून निकाल येतो, ज्याने तपासणी लिहिली त्याच्या पेटीत पडतो. तो रजेवर असला तर बदली डॉक्टर पाहतो. बदली डॉक्टर रुग्णाला ओळखत नाही, 'नॉर्मल, काही करायचं नाही' किंवा 'रुग्णाशी बोला' असा शेरा मारतो. दुसरा शेरा असेल तर रिसेप्शनने फोन करायचा, तो लागला नाही तर पत्र. साखळी बहुतेक या शेवटच्या दोन कड्यांतच तुटते. त्यामुळे "डॉक्टरने लक्ष दिलं नाही" असं लिहाल आणि डॉक्टरने शेरा मारलेला असेल, तर तुमची तक्रार पहिल्याच ओळीत बाद होते. रेकॉर्ड पाहून लिहिलंत तर नेमकं बोट ठेवता येतं.

नोंदीत चूक दिसली तर ती दुरुस्त करायची विनंतीही वेगळी करा. डॉक्टरचं मत सहसा पुसत नाहीत, पण तुमचं म्हणणं शेजारी जोडायला सांगता येतं. दुसऱ्याच माणसाचा आजार तुमच्या नावावर चढला असेल तर तो काढलाच पाहिजे. नकार आला किंवा रेकॉर्ड दिलंच नाही, तर इन्फर्मेशन कमिशनर, म्हणजे आयसीओ. शेवटच्या पत्रव्यवहारापासून तीन महिन्यांच्या आत गेलेलं बरं.

बाराखडी

सासूबाई मराठीखेरीज काही बोलत नाहीत अशी पुष्कळ घरं आहेत. तक्रार मुलाने किंवा सुनेने केली तर चालते का? आणि भेटीला दुभाषा मागितला तर "घरचं कुणी घेऊन या" म्हणतात.

शेवग्याची शेंग

प्रौढ माणसाची तक्रार दुसऱ्याने करायची तर त्या माणसाची सही असलेली लेखी संमती लागते. ती नसली की दवाखाना "गोपनीयता" म्हणून काहीच बोलत नाही आणि त्यात आठवडे जातात. पहिल्याच पत्राला जोडून टाका: "माझ्या वतीने अमुक तक्रार करतील, माझी वैद्यकीय माहिती त्यांना द्यावी." नवरा-बायकोलाही हे लागू, नातं म्हणजे संमती नव्हे. स्मृतिभ्रंशासारख्या स्थितीत सही शक्य नसेल तर आरोग्यविषयक लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नीची (रुग्णाच्या वतीने निर्णय घेण्याच्या अधिकारपत्राची) प्रत जोडा. ती नसेल तर रुग्णाच्या हितासाठी तुम्ही का बोलताय ते लिहा. लहान मुलाची तक्रार आईवडील करू शकतात.

दुभाषा एनएचएसने द्यायचा असतो, फुकट, फोनवरचाही चालतो. घरच्यांना दुभाषा करू नये असंच मार्गदर्शन आहे, मुलांना तर मुळीच नाही. कारण उघड आहे: सून समोर बसली की सासूबाई पाळीचं, लघवीचं, रडू येतं त्याचं सांगत नाहीत, मुलगा कर्करोग हा शब्द गाळून भाषांतर करतो. नाकारला तर तोच तक्रारीचा स्वतंत्र मुद्दा करा. नोंदणी करतानाच भाषा 'मराठी' लिहून घ्या. हिंदीचा दुभाषा पाठवून काम भागवतात आणि मग आजींच्या "कळ येते" आणि "ठणका लागतो" यातला फरक हरवतो.

भेटीला आलेल्या आईवडिलांनाही जीपी फुकट बघू शकतो. नोंदणीसाठी पासपोर्ट किंवा पत्त्याचा पुरावा नाही म्हणून परत पाठवणं मार्गदर्शनात बसत नाही. ही तक्रार फार जणांना करावी लागते आणि बहुतेकदा ती मॅनेजरशी एका फोनवर मिटते.

नाना फटकळ

सकाळी आठला फोन, पंचेचाळिसावा नंबर, नंबर लागला की "आजच्या संपल्या, उद्या आठला करा". हीही तक्रार होते की नशीब?

पोस्टकार्ड

होते. २०२३ च्या कराराप्रमाणे पहिल्याच संपर्कात काय करायचं ते सांगायला हवं: अपॉइंटमेंट, किमान गरज तपासून ठरवण्याची वेळ, किंवा फार्मसी वा १११ (एनएचएसची फोनसेवा) अशा योग्य जागेचा रस्ता. "उद्या पुन्हा करा" हे उत्तर बसत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तातडीचं नसलेल्या कामांसाठी ऑनलाइन फॉर्मही सकाळी ८ ते सायंकाळी ६:३० उघडा ठेवायचा आहे. तारीख, फोनची वेळ, किती मिनिटं रांगेत, काय उत्तर, असं तीन-चार दिवसांचं टिपण जोडा. फोनच्या पडद्याचा स्क्रीनशॉट पुरतो. अशा तक्रारीला आयसीबी उपयोगी पडतो, कारण करार त्यांच्याशी आहे.

कोरा कागद

केअर क्वालिटी कमिशन (सीक्यूसी) आणि जनरल मेडिकल कौन्सिल (जीएमसी) यांचं काय? सगळे म्हणतात थेट जीएमसीला कळवा.

शेवग्याची शेंग

सीक्यूसी दवाखान्यांची तपासणी करून दर्जा देतं, 'आउटस्टँडिंग' पासून 'इनॅडिक्वेट' पर्यंत चार पायऱ्या. तुमची एकट्याची तक्रार ते सोडवत नाहीत, पण माहिती घेतात आणि तपासणी कधी, कशाची करायची ते ठरवताना वापरतात. औषधांचं फ्रीज बंद, कुलूप नसलेलं कपाट, कर्मचाऱ्यांची वानवा, अशा गोष्टी तिथे जरूर कळवा.

जीएमसीचा प्रश्न एकच: या डॉक्टरला काम करू द्यायचं का? गंभीर किंवा वारंवार झालेल्या चुका, अप्रामाणिकपणा, नोंदी मागाहून बदलणं, लैंगिक गैरवर्तन, नशेत काम, भेदभाव. तिथून तुम्हाला माफी किंवा पैसे मिळत नाहीत. एखादी हुकलेली तपासणी घेऊन गेलात तर बहुतेक "आधी स्थानिक पातळीवर जा" म्हणून परत येते. पाच वर्षांपेक्षा जुनी घटना सहसा घेत नाहीत, जनहिताचं कारण असलं तरच. डॉक्टरचं नाव आणि सात आकडी नंबर त्यांच्या यादीत कुणालाही पाहता येतो. तक्रारीआधी तो पाहाच, कारण आजकाल दवाखान्यात 'डॉक्टर' समजून भेटलेला माणूस फिजिशियन असोसिएट (डॉक्टरच्या हाताखाली काम करणारा, पण डॉक्टर नसलेला), फार्मासिस्ट किंवा पॅरामेडिक असू शकतो. नर्स असेल तर त्यांची नियामक संस्था एनएमसी, फार्मासिस्टसाठी तशीच जीपीएचसी.

लैंगिक गैरवर्तन किंवा मारहाण असेल तर ही सगळी दारं मागाहून, आधी पोलीस.

दप्तरदार

अवांतर, पण संबंधित. जीपीबद्दलच्या शंका कुठे जिरतात याचं सर्वांत भयानक उदाहरण म्हणजे मँचेस्टरजवळच्या हाइड गावचा जीपी हॅरल्ड शिपमन. जानेवारी २००० मध्ये १५ खुनांबद्दल शिक्षा झाली, चौकशीत त्याचे २१५ बळी निश्चित झाले. मार्च १९९८ मध्ये शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने मृत्यूंच्या संख्येबद्दल कोरोनरला (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवलं होतं. पोलिसांनी जुजबी तपास करून फाइल मिटवली, त्यानंतर आणखी तिघी गेल्या. डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीच्या २००४ च्या पाचव्या अहवालाचा मोठा भाग तक्रारी आणि डॉक्टरांवरची देखरेख याच विषयावर आहे. डॉक्टरांना दर पाच वर्षांनी 'रिव्हॅलिडेशन', म्हणजे आपण अजून काम करायला लायक असल्याचा पुरावा, द्यावं लागतं ते २०१२ पासून, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. एकेकट्या तक्रारी किरकोळ दिसतात. कुणीतरी त्या एका टेबलावर ठेवाव्या लागतात.

उत्तरेकडचा वारा

स्कॉटलंडचं घ्या. इथे मुदत सहा महिने, इंग्लंडच्या निम्मी! उशिरा कळलं तर कळल्यापासून सहा, पण घटनेपासून १२ च्या आत. टप्पे दोन. पहिला पाच कामाच्या दिवसांचा, जागच्या जागी सोडवायचा. नाही जमलं किंवा प्रकरणच गुंतागुंतीचं असेल तर दुसरा, तीन दिवसांत पोच आणि २० कामाच्या दिवसांत उत्तर. त्यानंतर स्कॉटिश पब्लिक सर्व्हिसेस ओम्बुड्समन. मदतीला सिटिझन्स ॲडव्हाइसमधली पास नावाची सेवा आहे, पत्रही लिहून देतात.

वेल्समध्ये मदतीला लाइस नावाची संस्था आहे (एप्रिल २०२३ पासून), शेवटचं दार वेल्सचा स्वतःचा ओम्बुड्समन. उत्तर आयर्लंडमध्ये मुदत सहा महिने, मदतीला पेशंट अँड क्लायंट कौन्सिल. लंडनच्या मित्राने दिलेला पत्राचा नमुना कार्डिफ किंवा ग्लासगोत जसाच्या तसा वापरू नका, नियमांचं नाव, ओम्बुड्समन वेगळे, आणि मुदतही वेगळी असू शकते.

हिरवी मिरची

समजा उत्तर आलं आणि ते "आम्ही दिलगीर आहोत की तुम्हाला तसं वाटलं" छापाचं आहे. मग?

पोस्टकार्ड

लगेच ओम्बुड्समनकडे धावू नका. आधी तुमचे आकडे घातलेले प्रश्न समोर ठेवा, कुठल्याला उत्तर नाही त्यावर खूण करा आणि तेवढंच परत पाठवा: "प्रश्न २ आणि ५ अनुत्तरित आहेत." हवी तर भेट मागा. सोबत एकाला घेऊन जा, विषय आधी कळवा, टिपण कोण लिहिणार आणि त्याची प्रत कधी मिळणार ते विचारा.

इंग्लंडात प्रत्येक स्थानिक कौन्सिलने एनएचएस तक्रारींसाठी स्वतंत्र ॲडव्होकसी सेवा (तक्रार करायला मदत करणारी) नेमलेली असते, फुकट. कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव मिळतं. हॉस्पिटलांत पाल्स (रुग्णांच्या शंका-तक्रारींचा मदतकक्ष) असते तशी सोय जीपीकडे सहसा नसते, लोक तिथे उगाच खेटे घालतात. हॉस्पिटल आणि जीपी दोघांचाही हात असेल (डिस्चार्जचं पत्र आलं, औषध बदललंच नाही) तर एकच पत्र दोघांना द्या आणि एकत्रित उत्तर मागा. परस्परांशी सहकार्य करणं त्यांना बंधनकारक आहे. नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

मग ओम्बुड्समन. इथे एक सापळा आहे. त्यांची एक वर्षाची मुदत तुम्हाला त्रास कळला त्या दिवसापासून मोजतात, दवाखान्याच्या शेवटच्या उत्तरापासून नाही. स्थानिक पातळीवर दहा महिने गेले असतील तर हातात दोनच उरतात. सूट देता येते, पण गृहीत धरू नका. ते दोन गोष्टी शोधतात: काय चुकलं, आणि त्यामुळे तुमचं काय नुकसान झालं. नुसती चूक दाखवून भागत नाही. "रिपोर्ट सात आठवडे पडून राहिला" याला "त्या सात आठवड्यांत कामावर जाता आलं नाही, दोनदा ए अँड ईला (हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात) जावं लागलं" हे जोडा. ते माफी, सुधारणा आणि काही रक्कम यांची शिफारस करू शकतात. डॉक्टरवर कारवाई करत नाहीत.

नाना फटकळ

आणि भरपाई? सॉरीने पोट भरत नाही.

शेवग्याची शेंग

मोठी भरपाई हा दाव्याचा विषय, त्याला सॉलिसिटर (वकील) लागतो. साधारण मुदत तीन वर्षं, घटनेपासून किंवा कळल्यापासून. मुलांना ती अठराव्या वाढदिवसापासून मोजतात, म्हणजे एकविसाव्यापर्यंत. १ एप्रिल २०१९ नंतरच्या जीपींच्या चुकांचे दावे सरकारी योजनेतून एनएचएस रिझोल्यूशन बघतं, त्यामुळे "डॉक्टरच्या खिशातून" पैसे जातात हा समज सोडा. तक्रार आणि दावा बरोबर चालू शकतात. वकील नेमला म्हणून तक्रार आपोआप थांबत नाही. उलट तक्रारीचं लेखी उत्तर सॉलिसिटरला पहिल्या भेटीत फार उपयोगी पडतं. भेदभावाचा दावा मात्र काउंटी कोर्टात सहा महिन्यांना एक दिवस कमी, एवढ्यातच.

बाराखडी

एक विचारायचं राहिलं. माणूसच गेला असेल तर?

दप्तरदार

तक्रार जवळचं कुणीही करू शकतं, मुदत तीच १२ महिने. रेकॉर्डसाठी कायदा वेगळा: १९९० चा ॲक्सेस टू हेल्थ रेकॉर्ड्स ॲक्ट. मृताचा कायदेशीर प्रतिनिधी (मृत्युपत्राचा एक्झिक्युटर वगैरे) किंवा मृत्यूमुळे ज्याचा काही दावा उद्भवतो तोच मागू शकतो, मुदत ४० दिवस.

पण त्याआधीचं एक दार फार थोड्यांना माहीत आहे. ९ सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कोरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू, घरी झालेला असला तरी, एक स्वतंत्र मेडिकल एक्झामिनर (उपचारात सहभागी नसलेला डॉक्टर) तपासतो. त्याच्या कार्यालयातून नातेवाइकांशी बोलतात: कारण समजलं का, उपचाराबद्दल काही शंका आहे का? अंत्यविधीच्या गडबडीत "नाही, सगळं ठीक" म्हणून फोन ठेवला जातो. शंका असेल तर त्याच फोनवर सांगा, तारखांसकट. मृत्यूचा दाखला त्यानंतरच पुढे जातो, आणि गरज वाटली तर प्रकरण कोरोनरकडे पाठवता येतं. दहन झाल्यावर तपासायला फारसं काही उरत नाही.